सेइशुन १८ किप्पू: जपानात राहणाऱ्यांच्या हक्काचं रेल्वे तिकीट

जपानात नोकरीला येऊन दोन-तीन वर्षं झाली की आपल्या माणसांचं फिरणं आटतं. सुरुवातीला क्योतो, हिरोशिमा, फुजीच्या पायथ्याचे तलाव हौसेनं होतात. मग शिनकान्सेनच्या (बुलेट ट्रेनच्या) भाड्याचे आकडे डोळ्यांत खुपायला लागतात आणि सुट्टीचे दिवस घराजवळचा मॉल, पोरांचा क्रिकेटचा सराव आणि कुणाकडचं तरी जेवण यांत जातात. भारतातून पाहुणे आले की ते जपान रेल पास घेऊन देशभर हिंडतात, आणि आपण त्यांना स्टेशनवर सोडायला जातो. तो पास आपल्याला मिळत नाही. पासपोर्टवर 'टेम्पररी व्हिजिटर'चा शिक्का असलेल्या परदेशी लोकांसाठी तो आहे. हातात रेसिडेन्स कार्ड आलं की विषय संपला. तसंही ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेली.

आपल्याला मिळतं ते सेइशुन १८ किप्पू. नावात १८ असलं तरी वयाची काही अट नाही. १९८२ साली निघालेलं हे तिकीट जपानी विद्यार्थी, निवृत्त मंडळी आणि रेल्वेवेडे अजून घेतात. आणि कुणीही घेऊ शकतं. ना रेसिडेन्स कार्ड दाखवायचं, ना व्हिसा. स्टेशनवरच्या रिझर्व्ह सीटच्या मशीनवर भाषा इंग्रजी करायची, प्रवास सुरू करायची तारीख टाकायची, पैसे भरायचे, तिकीट बाहेर. सहाही जेआर (जपान रेल्वे) प्रवासी कंपन्यांच्या साध्या आणि 'रॅपिड' गाड्यांमधून दिवसभर कितीही चढा-उतरा. शिनकान्सेन नाही, लिमिटेड एक्स्प्रेस नाही (मोजक्या छोट्या तुकड्यांचे अपवाद सोडून). मियाजिमा बेटाला जाणारी जेआरची फेरीबोट मात्र यात चालते.

मी भुसावळची. बाबा सेंट्रल रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे गाडीत बसून खिडकीबाहेर बघत राहणं हा आमच्या घरात वेळ वाया घालवणं मानला जात नसे. सध्या कावासाकीत राहते, सॉफ्टवेअरमध्ये काम करते, आणि हे तिकीट जुन्या नियमांत आणि नव्या नियमांत दोन्ही वेळा मनसोक्त वापरलं आहे. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे, कारण नियम बदलल्यापासून बरेच जण 'आता त्यात राम नाही' असं म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही. मात्र हे कुणी घ्यावं, याचं उत्तर खरोखरच बदललं आहे.

आधी बदल काय झाला ते. २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत १२,०५० येनमध्ये पाच खणांचं एक तिकीट मिळायचं. मोसमातले कुठलेही पाच दिवस निवडा, सलग असायची गरज नाही. एकाच तिकिटावर अनेक जणही जाऊ शकत: मी, नवरा आणि मुलगी एका रविवारी तीन खण वापरायचो, उरलेले दोन पुढच्या एखाद्या शनिवारी आम्ही दोघं. गेटवरचा कर्मचारी खणात तारखेचा शिक्का मारून द्यायचा. २०२४ च्या हिवाळ्यापासून ते बंद झालं. आता दोन प्रकार आहेत: सलग तीन दिवसांचं १०,००० येनला आणि सलग पाच दिवसांचं १२,०५० येनला. एक तिकीट, एक माणूस. लहान मुलांसाठी अर्धं तिकीट पूर्वीही नव्हतं, आताही नाही.

याचं मला वाईट वाटतं आणि ते स्पष्ट लिहिते. तिघांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी आता ३०,००० येन मोजावे लागतात. रविवारी सकाळी उठून 'चला, समुद्र बघून येऊ' म्हणत निघणाऱ्या घरांसाठी हे तिकीट उरलेलं नाही. जपानी वृत्तपत्रांतून आणि सोशल मीडियावरूनही यावर भरपूर नाराजी उमटली, आणि ती रास्त होती. जे तिकीट मित्रमैत्रिणींनी वाटून घेऊन वापरायचं, ते एकट्याचं झालं.

बदल्यात एक सोय मिळाली. आता तिकीट स्वयंचलित गेटमधून जातं. पूर्वी प्रत्येक स्टेशनवर कर्मचाऱ्याच्या खिडकीपुढे रांग लावून तिकीट दाखवावं लागे. पाच मिनिटांत गाडी बदलायची असली आणि बाहेर पडून पाण्याची बाटली घ्यायची असली की जीव टांगणीला लागायचा. ते संपलं.

आता हिशेब. पाच दिवसांचं घेतलं तर दिवसाला २,४१० येन, तीन दिवसांचं घेतलं तर साधारण ३,३३३. टोकियो ते ओसाका साध्या गाडीचं नुसतं भाडंच नऊ हजार येनच्या आसपास आहे. तेव्हा एका बाजूचा लांब प्रवास केला की पैसे जवळजवळ वसूल. पण नुसतं ओसाकाला पोचायचं असेल तर हे तिकीट घेऊ नका, असंच मी सांगेन. तोकाइदो मार्गावर साध्या गाड्यांनी साधारण नऊ तास लागतात आणि गाड्या सारख्या बदलाव्या लागतात. आतामीपर्यंत समुद्र छान दिसतो, नेबुकावा स्टेशनचा फलाट तर थेट पाण्यावर उघडतो. आतामीपासून शिझुओका प्रांत लागतो आणि तो संपता संपत नाही. लोकलसारख्या लांब बाकांचे डबे, पाठीमागे खिडकी, समोर माणसं. काही जुन्या डब्यांत शौचालयही नव्हतं. २०२४ पासून तिथे ३१५ मालिकेचे नवे डबे यायला लागलेत, त्यांत आहे. हामानाको तलावावरून गाडी जाते ती काही मिनिटं सुंदर. माइबाराला पोचल्यावर ओसाकाकडे जाणारी 'शिन-काइसोकु' ही जलद गाडी ताशी १३० किलोमीटर वेगानं धावायला लागते, तेव्हा हायसं वाटतं. रात्रीच्या बसचं तिकीट याहून सोयीचं पडतं, आणि ओसाकालाच जायचं असेल तर तेच घ्यावं.

या तिकिटाची खरी मजा आहे ती जिथे शिनकान्सेन जातच नाही किंवा बोगद्यातून डोळे मिटून जाते, अशा डोंगरातल्या मार्गांवर. मी तीन दिवसांच्या तिकिटावर केलेला एक फेरा इथे सांगते, कारण कामावर जाणाऱ्या माणसाला तो सहज जमतो. २०२५ मध्ये २० मार्चची शुनबुनची (वसंत विषुवदिनाची) सुट्टी गुरुवारी आली होती. शुक्रवारी रजा टाकली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार गाडीत. रविवार घरी झोपायला.

पहिला दिवस तकासाकीचा. कावासाकीहून तकासाकीची गाडी थेट मिळते, टोकियो-उएनोमधून आरपार जाणारी. तिला दुमजली ग्रीन कार (वरच्या वर्गाचा डबा) असते आणि जास्तीचं ग्रीन तिकीट काढलं की या तिकिटावरही त्यात बसता येतं. लांबच्या पल्ल्याला मी तेवढी चैन करते. तकासाकीला बॅग हॉटेलवर टाकली आणि योकोकावाची छोटी गाडी पकडली. अर्ध्या तासात रूळ संपतात. पुढे घाट आहे, पण गाडी नाही.

योकोकावा ते कारुइझावा हा उसुइ घाट. अवघ्या ११.२ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरची चढण. १८९३ साली इथे रेल्वे आली तेव्हा रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी टाकून, इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकवून गाडी वर चढवत. २६ बोगदे आणि १८ पूल. १९६३ मध्ये दाते काढले आणि साध्या रुळांवरून, पण ईएफ६३ नावाची दोन भारी इलेक्ट्रिक इंजिनं प्रत्येक गाडीला खालच्या बाजूनं जोडून, वाहतूक सुरू केली. घाटाची तीव्रता ६६.७ प्रति हजार, म्हणजे पंधराला एक. आपला कसाऱ्याचा घाट सदतीसला एक आहे. कसाऱ्याला बँकर (मागून ढकलणारी जादा इंजिनं) लावतात ते पाहिलेल्या माणसाला हा आकडा वाचूनच धस्स होईल.

बाबा काही वर्षं इगतपुरीला होते. कसाऱ्याहून गाडी वर चढायला लागली की मागून बँकर ढकलायचे आणि त्यांच्या पुढ्यातला शेवटचा डबा गार्डाचा, म्हणजे बाबांचा. इंजिनाचा आवाज पाठीत बसतो, असं ते म्हणायचे. योकोकावाच्या रेल्वे संग्रहालयात ईएफ६३ च्या नाकासमोर उभं राहून मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. ते बराच वेळ कपलिंग बघत होते. 'जवळ ने, खाली ने, एअर पाइप दाखव,' एवढंच चाललं होतं. त्या संग्रहालयात आधी शिकवणी आणि परीक्षा घेऊन खरंखुरं ईएफ६३ चालवायलाही देतात. शिकवणी जपानीत असते आणि पैसे बऱ्यापैकी लागतात, पण रेल्वेची आवड असणाऱ्या इथल्या परदेशी माणसानं जपानी शिकायला याहून चांगलं कारण शोधून सापडणार नाही.

१९९७ च्या ३० सप्टेंबरला हा घाट बंद झाला, दुसऱ्या दिवशी नागानोची शिनकान्सेन सुरू झाली. जुन्या रुळांच्या वाटेवर आता चालायचा रस्ता केला आहे, सहा किलोमीटरचा. चढण गाडीसाठी भयंकर असली तरी पायांना सौम्य आहे. वाटेत १९१२ चं विटांचं सबस्टेशन लागतं, कारण त्याच वर्षी या घाटात वीज आली. मग दिवे लावलेले बोगदे एकामागून एक, आत भिंतीवर वाफेच्या इंजिनांची काजळी, आणि वाटेत चार कमानींचा विटांचा पूल, ९१ मीटर लांब, ३१ मीटर उंच. वीस लाखांच्या आसपास विटा आहेत त्यात. पॉवनॉल नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरनं जपानी सहकाऱ्याबरोबर त्याचा आराखडा केला. भोर आणि थळ घाटातले दगडी पूल पाहिलेल्या माणसाला तो परका वाटत नाही.

एक गोष्ट मुद्दाम बघा. योकोकावा स्टेशनच्या परिसरात गटारांवर लोखंडी जाळ्या आहेत. वाकून नीट बघितलं तर त्यांच्या कडांना दाते दिसतात. घाटातून काढलेल्या त्या दातेरी पट्ट्याच तिथे झाकणं म्हणून बसवल्या आहेत. लोक त्यावरून सायकली नेतात. मी त्यातल्या एका दात्यावरून बोट फिरवलं. वरचा भाग घासून गुळगुळीत, बाजूला अजून गंज. सत्तर वर्षं गाड्या ज्यावर तोलून चढल्या ते लोखंड हाताला लागतं, आणि त्यासाठी तिकीट नाही, दोरी नाही, काचेची पेटी नाही.

इंजिन जोडायला प्रत्येक गाडी इथे थांबायची, म्हणून इथलं मातीच्या भांड्यातलं 'कामामेशी' प्रसिद्ध झालं. १९५८ पासून विकतात. भात, कोंबडी, लावीचं अंडं, चेस्टनट, मशरूम, जर्दाळू. मी खाल्लं, चव गोडसर आणि मऊ. शाकाहारी मंडळींसाठी नाही. भांडं घरी न्यायचं असतं. माझ्याकडे त्यात दही लागतं आणि फार छान लागतं, माती पाणी ओढून घेते ना.

दुसरा दिवस सगळ्यात लांब आणि माझ्या मते या तिकिटाचा सगळ्यात किमती. तकासाकीहून मिनाकामी, तिथून जोएत्सु मार्गानं डोंगराच्या पोटातून पलीकडे. मिनाकामीच्या पुढे गाड्या दिवसाला मोजक्याच आहेत, त्यामुळे हीच गाडी धरून बाकीचा दिवस आखायचा. या वाटेवर दोआइ स्टेशन लागतं, ज्याचा निइगाताकडे जाणारा फलाट बोगद्याच्या आत आहे आणि वर यायला ४६२ पायऱ्या चढाव्या लागतात. या खेपेला मी उतरले नाही, कारण पुढची गाडी चुकली असती. पूर्वी एका उन्हाळ्यात जुन्या तिकिटावर नवऱ्याबरोबर उतरले होते. बाहेर घाम निथळत होता आणि खाली फलाटावर अंगावर काटा येईल इतका गारवा. पायऱ्यांच्या मध्ये बाकं ठेवली आहेत, त्यावर सत्तरीचे आजी-आजोबा शांत बसून डबा खात होते. तसलं स्टेशन मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

साडेतेरा किलोमीटरचा बोगदा ओलांडला आणि गाडी बर्फात बाहेर पडली. टोकियोत प्लमची फुलं संपत आली होती आणि इथे छपरं अर्धी गाडलेली. एचिगो-कावागुचीला उतरून इइयामा मार्गाची गाडी पकडली. एक-दोन डब्यांची डिझेल गाडी, फक्त चालक, गार्ड नाही. इथे नव्या माणसासाठी एक सूचना: दरवाजे आपोआप उघडत नाहीत. बटण दाबून उघडायचे आणि चढल्यावर आतून बटण दाबून बंदही करायचे, नाहीतर सगळा डबा थंडीनं कुडकुडतो आणि सगळे तुमच्याकडे बघतात.

शिनानो नदी इथे सतत सोबत असते. प्रांत बदलला की तिचंच नाव चिकुमा होतं. मोरिमियानोहारा स्टेशनात एक उंच खांब उभा केला आहे: १२ फेब्रुवारी १९४५ ला इथे ७.८५ मीटर बर्फ साचलं होतं, जेआरच्या स्टेशनांमधला हा विक्रम. खांबाची खूण बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागते. गाडी थांबली होती तेवढ्यात माझ्या समोरच्या बाकावरच्या आजींनी विचारलं, कुठून आलात? भारतातून म्हटल्यावर त्यांनी पिशवीतून नोझावानाचं लोणचं काढून माझ्या हातावर ठेवलं. मी तिखटमिठाच्या पुऱ्या पुढे केल्या. त्यांनी एक घेतली, ओवा ओळखीचा वाटला नाही बहुतेक, पण दुसरी मागून घेतली. चार जणांची समोरासमोर बाकं असलेल्या अशा डब्यांत खाल्लं तर कुणी काही म्हणत नाही. शहराजवळच्या लांब बाकांवर मात्र खाऊ नये.

शिदोरी घेऊन निघाच. मोठ्या स्टेशनांवर एकिबेन (प्रवासात खायचे जेवणाचे डबे) मिळतात, पण शाकाहारी जवळजवळ नाहीच, आणि इनारीझुशीसारखं शाकाहारी दिसणारं खाणंही बहुधा माशाच्या पाण्यात शिजवलेलं असतं. दुर्गम मार्गांवर तर स्टेशनात दुकानच नसतं. पुऱ्या, दशम्या, सुकी चटणी, उमेबोशीचा (खारवलेल्या प्लमचा) ओनिगिरी आणि थर्मासमध्ये चहा, हा माझा ठरलेला बेत.

आता या तिकिटाचा सगळ्यात मोठा सापळा, जो इथेच येतो. इइयामा मार्ग तोयोनोला जेआरच्या हद्दीत संपतो. तोयोनो ते नागानो हा तुकडा शिनानो रेल्वेचा आहे, तिथे हे तिकीट चालत नाही, वेगळं भाडं भरावं लागतं. नवीन शिनकान्सेन सुरू झाली की तिच्या बाजूचा जुना मार्ग जेआर बहुतेक वेळा स्थानिक कंपनीकडे सोपवते, आणि आपलं तिकीट तिथे निरुपयोगी होतं. मार्च २०२४ मध्ये होकुरिकु शिनकान्सेन त्सुरुगापर्यंत वाढली तेव्हा कानाझावाकडे जाणारा जुना मार्गही असाच हातातून गेला. काही तुकड्यांना सवलत आहे, उदाहरणार्थ आओमोरी ते हाचिनोहे हा पट्टा ओलांडता येतो, पण उतरता येतं ते आओमोरी, नोहेजी आणि हाचिनोहे या तीनच ठिकाणी. नकाशावर रेघ सलग दिसली म्हणून विश्वास ठेवू नका. जोरुदान या वेबसाइटच्या प्रवास शोधात या तिकिटासाठी वेगळी सोय आहे, ती वापरा. मी त्याबरोबर पुस्तकांच्या दुकानातलं जाडजूड मासिक वेळापत्रकही घेते. घरी बाबा रेल्वेचं टाइमटेबल मांडीवर घेऊन बसायचे, तीच सवय. फोन एक गाडी दाखवतो. पुस्तकात दिवसभराच्या सगळ्या गाड्या एका पानावर दिसतात आणि कुठे तासभर मोकळा मिळेल ते आपोआप कळतं.

तिसऱ्या दिवशी नागानोहून मात्सुमोतोकडे. हा शिनोनोइ मार्ग डोंगराच्या कडेनं वर चढतो आणि वाटेत ओबासुते स्टेशन येतं. उंची ५५१ मीटर. चढण इतकी की स्टेशन मुख्य मार्गापासून बाजूला, सपाट जागेवर काढलं आहे आणि तिथे थांबणाऱ्या गाडीला एकदा उलटं मागे यावं लागतं. खंडाळ्याच्या घाटातल्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनबद्दल आपण फक्त ऐकलेलं असतं. इथे तशीच उलटसुलट चाल रोजच्या वेळापत्रकात आहे. वेगात जाणाऱ्या एक्स्प्रेस गाड्या इथे न थांबता सरळ निघून जातात. साध्या गाडीवाल्यांनाच हे स्टेशन मिळतं.

फलाटावरची बाकं रुळांकडे पाठ करून ठेवली आहेत. बसलं की समोर अख्खं झेन्कोजीचं खोरं, खाली पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, पलीकडे बर्फाचे डोंगर. मार्चमध्ये खाचरं कोरडी होती. मी एक गाडी सोडून दिली. शेजारी एक निवृत्त गृहस्थ दुर्बीण घेऊन बसले होते; त्यांनी मला खालच्या खोऱ्यातली शिनकान्सेनची रेघ दाखवली. त्यांच्याही खिशात हेच तिकीट होतं. या तिकिटावर फिरणारी माणसं एकमेकांना ओळखतात: मांडीवर वेळापत्रक, पाठीवर छोटी बॅग, आणि गाडी थांबायच्या आधीच दरवाजाशी उभं राहणं.

मात्सुमोतोचा किल्ला स्टेशनपासून चालत जाण्यासारखा आहे, तो बघून चुओ मार्गानं परत. ताकाओच्या पुढे गर्दी सुरू झाली. तोवर चुओ रॅपिडलाही ग्रीन कार लागायला लागली होती, त्यात ताचिकावापर्यंत पाय पसरून बसले आणि नाम्बु लाइननं घरी.

काही कोरड्या पण कामाच्या गोष्टी. हे तिकीट वर्षभर नसतं. वसंतात साधारण १ मार्च ते १० एप्रिल, उन्हाळ्यात जुलैच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, हिवाळ्यात १० डिसेंबर ते १० जानेवारी. नेमक्या तारखा दर मोसमाआधी जाहीर होतात. विक्री वापराच्या मुदतीआधीच बंद होते, तेव्हा आधी घेऊन ठेवा. इथल्या बहुतेक कंपन्या २९ डिसेंबर ते ३ जानेवारी बंद असतात आणि बऱ्याच ठिकाणी ओबोनलाही (ऑगस्टमधल्या पितरांच्या सणाला) सुट्टी असते, तिथे पाच दिवसांचं तिकीट नेमकं बसतं. गाड्या मात्र त्या दिवसांत भरलेल्या असतात. आसन राखीव नाही, उभं राहायची तयारी हवी. आणि वादळ, बर्फ, वारा यांमुळे गाड्या बंद पडल्या तर पैसे परत नाहीत, दिवस वाढवूनही मिळत नाही. एकदा एका डोंगरी मार्गावर वाऱ्यामुळे गाडी थांबली आणि मला लिमिटेड एक्स्प्रेसचं पूर्ण तिकीट काढून परतावं लागलं. सोमवारी कामावर हजर व्हायलाच हवं अशा वेळी शेवटचा दिवस छोटा ठेवा आणि परतीपुरते पैसे बाजूला ठेवा.

लहान मुलं असलेल्या घरांनी होक्काइदो आणि पूर्व जपान पासकडे बघावं. तो सलग सात दिवस चालतो, त्याला मुलांचं अर्धं तिकीट आहे आणि मोरिओका ते आओमोरीसारखे काही जेआरबाहेरचे तुकडेही त्यात येतात. फक्त नागोया, ओसाका, क्युशू त्यात नाहीत. तोहोकूला (ईशान्य जपानात) जायचं असेल तर मी स्वतःही आता तोच घेते.

एकट्यानं किंवा दोघांनी, रात्री मुक्काम करत, डोंगरातून फिरायची आवड असेल तर तीन दिवसांचं सेइशुन १८ अजूनही घेण्यासारखंच आहे. मी पाचपैकी चार तारे देते. पाचवा तारा खण वाटून घ्यायची सोय गेली म्हणून राखून ठेवला आहे, आणि ती परत आली तर आनंदानं देईन. येत्या उन्हाळ्यात तादामी मार्ग करायचा आहे, आइझु-वाकामात्सु ते कोइदे, १३५.२ किलोमीटर. २०११ च्या पुरात त्याचे पूल वाहून गेले होते आणि १ ऑक्टोबर २०२२ ला तो पुन्हा सलग सुरू झाला. शेवटपर्यंत जाणाऱ्या गाड्या दिवसाला तीनच आहेत, म्हणून आइझु-वाकामात्सुला आदल्या रात्री मुक्काम करून सकाळची पहिली पकडायची असं ठरवलं आहे.